दादाची दिवसाची झोप

माझा दादा चोवीस वर्षं रात्रीचा दुधाचा टँकर चालवतो. संध्याकाळी साडेसहाला घरातून निघतो, रात्रभर गाडी हाकतो, सकाळी सातला परत येतो, आंघोळ करतो आणि आठला पडदे ओढून अंथरुणात शिरतो. दुपारी तीनला उठतो. सांगायला हे दोन-चार वाक्यांत होतं, पण निभवायला अख्खं घर लागतं. चोवीस वर्षांत आमच्याकडे सकाळी कुणी मोठ्यानं शिंकलेलं मला आठवत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते आणि दुपारनंतर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. लोकांना वाटतं, वाचनालयात काम करून ही हळू बोलायला शिकली. वाचनालयात मी चांगली ओरडते. हळू बोलायला मला वहिनीनं शिकवलं. तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याखाली फडकं घातलंय आणि घंटीची वायर कधीच काढून टाकलीय. कुणी दार वाजवलंच तर ती असं काही बघते की तो माणूस पुन्हा सकाळी येत नाही.

डेपोत दादाचं नाव 'चेकिंग'. गाडी सोडण्याआधी तो प्रत्येक चाकाला लाथ मारतो, तेल बघतो, पाणी बघतो, टाकीच्या झाकणाचं सील ओढून बघतो, दिवे लावून खाली उतरतो आणि सगळं झालं की पुन्हा पहिल्या चाकापाशी जातो. तोवर बाकीचे ड्रायव्हर वेशीबाहेर गेलेले असतात. "चेकिंग, गाडी चालवायचीय की विकत घ्यायचीय?" असं त्याला रोज कुणीतरी विचारतंच. दादा हसत नाही. त्याच्या गाडीनं आजवर कुणाला साधं खरचटलेलंही नाही, आणि ते तो स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तर हा माणूस झोपेत घोरायचा. साधंसुधं नाही. पावसापाण्यात कुणी पाहुणे मुक्कामाला राहिले तर दुसऱ्या दिवशी काहीतरी काम निघायचं त्यांचं. आम्ही हसायचो. वहिनी मात्र हसत नसे. ती सकाळची कामं उरकताना अधूनमधून हातातलं काम तसंच धरून थांबायची आणि कान द्यायची. एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, तुला या आवाजाचा त्रास होत नाही?" ती म्हणाली, "घोरण्याचा त्रास नाही गं. मध्येच घोरायचं थांबतात ना, त्याचा आहे." ते थांबलं की ही आत जायची, त्याच्या खांद्याला हात लावायची, तो एक मोठा श्वास घ्यायचा आणि ही पुन्हा येऊन भाजीला बसायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मला ते त्या दिवशी कळलं. एका घरात राहून. धन्य आहे माझी.

मग एका पहाटे रेल्वेच्या फाटकापाशी दादाची गाडी उभी होती. फाटक उघडलं, मागच्यांनी भोंगे वाजवले, आणि चेकिंग स्टिअरिंगवर डोकं टेकून गाढ झोपलेला. मागच्या गाडीवाल्यानं कंपनीला कळवलं. कंपनीच्या डॉक्टरांनी अंगभर तारा लावून त्याची झोप तपासली. तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास अडकत होता. म्हणजे चोवीस वर्षं हा माणूस अंथरुणात पडत होता, झोपत नव्हता. मला वाटायचं, दादा मुळातच अबोल आहे, आळशी आहे, सुट्टीच्या दिवशी सोफ्यावरून उठत नाही. त्याचं नुसतं थकणंच आम्ही स्वभाव म्हणून धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी झोपताना लावायचं एक मशीन दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून सतत हवा. आत एक कार्ड असतं, त्यावर मशीन कधी चाललं, किती तास चाललं, श्वास किती वेळा अडकला, सगळं उमटतं. अट अशी की तीस दिवसांत किमान एकवीस दिवस, रोज किमान चार तास ते लावून झोपायचं. मग डॉक्टर पक्कं पत्र देणार. तोवर कच्च्या परवानगीवर जवळच्या फेऱ्या, तेही डेपोत ड्रायव्हर कमी म्हणून. आकडा चुकला तर किल्ली जमा. किल्ली जमा झालेले ड्रायव्हर गेटवर बसतात आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. दादा त्यांच्याकडे कधी बघायचाच नाही.

पहिले नऊ दिवस वाया गेले. मुखवटा कधी गळायचा, कधी रुतायचा, घसा कोरडा पडायचा, झोपेत हाच तो ओरबाडून काढायचा. "कुणीतरी तोंडात हवा भरतंय सायकलच्या पंपानं," असं म्हणायचा. दहाव्या दिवशी वहिनीनं पट्ट्यांना मऊ कापड शिवलं आणि काय जमलं कोण जाणे, दादा सहा तास झोपला. घरात आवाज नाही. लांब कुणीतरी अंगण झाडतंय इतकीच मशीनची सळसळ. वहिनी बाहेर खुर्चीत बसली होती. कान द्यायला काही उरलंच नाही तेव्हा तिला काय करावं ते कळेना, आणि बसल्या जागी तिचाच डोळा लागला.

आता उरलेले सगळे एकवीस दिवस साधायला हवे होते. एकही चुकवायची सोय नव्हती. दादानं पाच साधले आणि पंधराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या खांबाला वीज कंपनीचा कागद चिकटला: जुन्या तारा बदलायच्या आहेत, येत्या मंगळवारी आणि बुधवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज बंद.

गल्लीत सगळे खूश. दिवसाच जाणार, रात्री पंखे चालू, चला बरं झालं. मी आणि दादा वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसानं डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, वहीत दादाचं नाव लिहून घेतलं, अगदी आदरानं.

"नाव नोंदवलं साहेब. पण एका घरासाठी लाईन चालू ठेवता येत नाही."

"मग रात्री करा ना काम," मी म्हटलं.

"रात्री कसं करणार बाई? लोक झोपतात."

"हा दिवसा झोपतो."

त्यानं दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि आमचे लोक कधी झोपणार?" तो म्हणाला. त्याचेही डोळे तारवटलेले होते. मला भांडायचं होतं, पण भांडायला समोर धड माणूस तरी हवा.

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत झोप, असं मी दादाला सुचवलं. तिथे वीज होती. तो नुसता "हं" म्हणाला. दहा ड्रायव्हरांसमोर तो मुखवटा चढवणार नाही हे मला त्या एका 'हं'मधून कळलं. मग आम्ही बॅटरी आणली. दुकानदारानं सांगितलं, "हवा गरम करायचं बटण बंद ठेवा, सात-आठ तास आरामात जाईल. भरूनच देतोय." बरोबर चार पानांची पुस्तिका होती. जन्मभर पुस्तकं हाताळणारी मी, ती चार पानं काही उघडली नाहीत.

बॅटरी आली आणि दादातला चेकिंग जागा झाला. रोज दुपारी चारला तो मशीन बॅटरीवर लावायचा, नळीपुढे तळहात धरायचा, हवा येते का बघायचा आणि तासभर तसंच चालू ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "बॅटरी नुसती उभी ठेवली की बसते. रोज चालवावी लागते, मग ऐन वेळी दगा देत नाही." इतक्या ठामपणे म्हणाला की मला वाटलं, ह्याला नाही कळणार तर कुणाला? चोवीस वर्षं बॅटऱ्यांशीच संसार. वहिनीनं धूळ बसू नये म्हणून बॅटरीला जाड कापडाचं झबलं शिवलं, गुंड्यांसकट. बॅटरीच्या पोटावर चार बारीक दिवे होते, ते त्याखाली गेले. मंगळवारपर्यंत आमची तयारी जय्यत होती. दोन टॉर्च, खिडकीला ओला पडदा, आणि वहिनीनं गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आधीच डोळे वटारून ठेवलेले.

मंगळवारी आठला दादा झोपला. नऊला पंखा थांबला. मशीन एकदा 'पीप' वाजलं आणि बॅटरीवर चालू राहिलं. वहिनीनं जिन्यातून माझ्याकडे बघून मान डोलावली. मी चहा टाकला. दहाला वीस कमी असताना ती वर आली, पायात चप्पल नाही, आणि म्हणाली, "थांबलं."

आम्ही दारात उभ्या राहिलो. मशीन मुकं झालं होतं. दादानं झोपेतच मुखवटा बाजूला सारला होता आणि खोलीत तो जुना आवाज परत आला होता. घोरणं, मग काहीच नाही, मग गचका बसल्यासारखा श्वास.

"उठवूया?" मी विचारलं.

"उठवून काय करतील? रात्री गाडीवर जायचंय. मोडकीतोडकी का होईना, झोपू देत." आणि ती पलंगाच्या कडेला जाऊन बसली. तीन वाजेपर्यंत. दर वेळी आवाज थांबला की खांद्याला हात. मी वाचनालयात निघाले तेव्हाही ती तिथेच होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की काळजी नव्हती, नुसती सवय होती. मला त्या सवयीचाच राग आला. मी वाचनालयात फोन करून सुट्टी टाकली आणि जिन्यात बसून राहिले.

दादा उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी बॅटरीचं झबलं सोडलं. चारांपैकी एकही दिवा लागेना. खोक्यात तळाशी चार्जर होता, पिशवीसकट, चिकटपट्टीसकट.

"दादा, तू ही एकदाही चार्ज केली नाहीस?"

"रोज तासभर चालवत होतो की."

"अरे, चालवून बॅटरी संपते!"

"कशी संपेल? गाडी उभी राहिली की बसते. चालवली की भरते."

"ती टँकरची, दादा! तिला इंजिन भरतं. हिला कोण भरणार, तुझं नाक?"

त्यानं चार्जर हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग खुर्चीत बसला आणि झबल्याच्या गुंड्या एकेक करून पुन्हा लावायला लागला. रोज तासतास करून त्यानं स्वतःच ती रिकामी केली होती, इमानेइतबारे, तपासून तपासून. मला ओरडल्याचं वाईट वाटलं. आणि पुन्हा ओरडावंसंही वाटलं.

वीज पाच वाजून दहा मिनिटांनी आली. बॅटरी चार्जिंगला लावली. पण दादाची धड झोप झाली होती पावणेदोन तासांची, आणि साडेसहाला निघायचं होतं. वहिनी म्हणाली, "अहो, आज नका ना जाऊ."

"कच्च्या परवानगीवर आहे. सुट्टी घेतली तर कारण लिहावं लागेल."

"लिहा, बरं नाही म्हणून."

"तेच तर लिहायचं नाहीये." त्यानं बूट घातले, दोनदा तपासले, आणि गेला.

तो गेल्यावर वहिनी बराच वेळ त्या मशीनसमोर उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कार्डाला काय कळतं गं, नाक कुणाचं ते? मी घातलं तर आजचा दिवस भरेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पट्टा आवळून घे. तुझं डोकं लहान आहे." आणि मीच तो आवळून दिला. ती म्हणाली, झोप कुठली लागायला, नुसती पडून राहीन. दहा मिनिटांत झोपली. दादाच्या जागेवर, दादाचा मुखवटा लावून, तोंडाला हलकं हसू. पाच तास झाल्यावर मी मशीन बंद केलं तरी ती जागी झाली नाही.

बुधवारी दादा सातला आला नाही. आठलाही नाही. नऊला आला आणि बूट न काढता पायरीवर बसला. वहिनीनं पाणी दिलं. ते हातात धरून तो म्हणाला, "पुलानंतरचं वळण मी घेतलं. घेतलंच असणार, कारण पुढच्या गावात पोचलो. पण घेतल्याचं मला आठवत नाही." मग गाडी बाजूला लावून तो दोन तास झोपला होता. दूध उशिरा पोचलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनी तिथेच खाली बसली. तो तिला कधी काही सांगतो तेव्हा असंच सांगतो, ऐकणाऱ्याचा जीव पुरता गोळा होईपर्यंत थांबून.

त्या दिवशीही वीज नव्हती, पण बॅटरी भरलेली होती, आणि तो संध्याकाळपर्यंत झोपला. पुढचे सगळे दिवस साधले. तिसाव्या दिवशी आम्ही तिघं कंपनीच्या दवाखान्यात गेलो. दादाच्या हिशेबानं दिवस भरत होते वीस. त्यानं खांबावरचा तो वीज कंपनीचा कागद सोडवून आणला होता आणि चार घड्या घालून खिशात ठेवला होता. वीज नव्हती हे डॉक्टरांना दाखवून तो एका दिवसाची माफी मागणार होता. वहिनीनं त्याला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. ती बाहेर बाकावर बसली. आत मी आणि दादा.

डॉक्टरांनी कार्ड लावलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "एकवीस. बरोबर काठावर. शाबास." दादाचा हात खिशातल्या कागदावर होता, तो तिथेच राहिला. डॉक्टर पुढे वाचत होते. "आणि हा मंगळवार बघा. फारच छान. रात्री नऊ ते दोन, पाच तास, आणि श्वास एकदाही अडकला नाही. असं रोज व्हायला हवं."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय ठेवला आणि जोरात दाबला. देवा, मी मनात म्हणत होते, ह्याला आजच्या दिवस काही तपासायची बुद्धी देऊ नको.

"रात्री नऊ ते दोन मी गाडीवर होतो," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग हे कोण झोपलंय?"

"माझी बायको असणार. आमच्याकडे वीज नव्हती त्या दिवशी." आणि त्यानं तो कागद काढून उलगडून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "नुसता हा कागद दाखवला असता तर तो एक दिवस मी सोडून दिला असता. आता ह्या कार्डावरचा कुठला श्वास कुणाचा, हे मी कसं ठरवू?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. पट्टा मी आवळला होता.

"बाकीचे सगळे माझेच आहेत," दादा म्हणाला. "पण तो नाही. त्या रात्री मी एक वळण घेतलं, ते मला आठवत नाही. आणि तुमच्याकडे लिहिलंय, छान झोपला. तसं लिहिलेलं राहायला नको."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी नवा कागद घेतला. पुन्हा तीस दिवस, पहिल्यापासून. तोवर स्टिअरिंग बंद, किल्ली जमा, गेटवर दिवसपाळी. दादानं तो कागद वाचला, उलटून मागची बाजूही वाचली, आणि सही केली. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

बाहेर आलो तर वहिनी बाकावरून उठून उभी राहिली. दादाच्या चेहऱ्यावरून तिला कळलंच. "नाही झालं?"

"आणखी तीस दिवस. गेटवर."

तिनं हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग एवढ्या दिवसांत न सांगितलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "पण मंगळवारी मी घातलं होतं हो! तो धरला नाही का त्यांनी?"

जन्मात कधी खोटं न बोललेल्या माझ्या दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "धरला की," तो म्हणाला. "सगळ्यात चांगली झोप त्याच दिवशी, म्हणाले. कमी पडला तो दुसराच."

वहिनीनं डोळे पुसले. मी तिची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागून चालायला लागले.